चेरफळियाचा ग्राफ

सुरतेत पर्वत पाटियाच्या बाजूच्या लूम कारखान्यांची वीज सोमवारी बंद असायची, म्हणून दगा वाडिलेची सुटी सोमवारी. त्या दिवशी डिंडोलीतली माणसं उशिरापर्यंत लोळत, न्हाव्याकडे जात, ओट्यावर बसून पत्ते कुटत. दगा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, जणू कुणाच्या साखरपुड्याला निघाल्यासारखा, दोन बसगाड्या बदलून तापीच्या मुखाशी जायचा. एकदा-दोनदा नव्हे, बारा वर्षं.

"ओ हर्षदाना बाप," सरलाबाई दारातून म्हणायची, "सुटीना दिन लोके बायकोले सिनेमाले लई जातस, आन तुम्ही चिखल देखाले जातस!"

"चिखल नही वं. पानी देखाले जास."

"मग नळ शे ना घरमा!"

दगा हसायचा आणि निघायचा. सरलाबाईला कारण ठाऊक होतं. ते ती जाणूनबुजून बोलत नसे, एवढंच.

दगा जातीनं भोई. खानदेशात, तापीच्या काठावर वडघाट नावाचं त्याचं गाव. गाव कसलं, वीस-बावीस घरं, एक वड आणि त्याखाली नदीत उतरणारा घाट. घाटाला दगडी पायऱ्या नव्हत्या. होडीच्या घासण्यानं आणि माणसांच्या पावलांनी काठ झिजून झिजून उतार तयार झाला होता. दगाचा बाप राघो तिथून माणसं पैलतीरी नेई. नवऱ्या मुली, शेरडं, बाजाराच्या पाट्या, एकदा तर कुणाचं आख्खं हार्मोनियम. ते हार्मोनियम होडीत बसल्या बसल्या वाजवलं गेलं होतं, आणि दोन्ही काठांवरची माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली होती. दगा तेव्हा होडीच्या टोकाशी बसला होता. ती सकाळ पुढं आयुष्यभर त्याच्या कानात वाजत राहिली.

मग धरण झालं. मोजणीदार आले. त्यांनी घरं मोजली, शेतं मोजली, आंब्याची झाडंसुद्धा मोजली. शेवटच्या दिवशी त्यांनी वडाखाली नकाशा पसरला. राघोला वाचता येत नव्हतं, पण तो गुडघ्यावर बसून बराच वेळ कागद पाहत राहिला.

"साहेब, मना घाट कोठे शे?"

"घाट म्हणजे?"

"हाऊ. जठून लोके उतरतस."

मोजणीदार वाईट माणूस नव्हता. त्यानं नीट समजावलं, "बाबा, घर कुणाचं तरी असतं, शेत कुणाचं तरी असतं. घाट कुणाच्या नावावर आहे? नाही ना? मग तो कागदावर येत नाही."

 राघोनं फक्त मान हलवली. ती मान हलवणं दगाला विसरता आलं नाही. घरांना भरपाई मिळाली, झाडांनाही मिळाली. घाट मात्र कुणालाही न विचारता, कुठंही नोंद न होता पाण्याखाली गेला. दगा सुरतेला आला, लूमवर उभा राहिला, आणि पुढं त्याचा हात बारीक कामाला चांगला म्हणून कारखान्याच्या रामदास मास्तरांनी त्याला ग्राफच्या टेबलावर बसवलं. साडीवरची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर काढायची, एकेक चौकट रंगवायची, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची आणि ते पत्ते मागावर चढवायचे, असं ते काम. मोर, कोयऱ्या, वेली. दगानं काढलेल्या कोयऱ्या किती बायकांच्या पदरावरून हिंडल्या असतील, देव जाणे.

आणि सोमवारी नदी. कारण ही तीच तापी होती. वडघाटावरून वाहिलेलं, धरणातून सुटलेलं पाणी अखेर इथंच येत होतं.

पहिल्यांदा तो चेरफळियाच्या खाडीवर गेला, तो दिवस त्या वस्तीत अजून रंगवून सांगतात. चेर म्हणजे तिवर, फळिया म्हणजे वस्ती. त्या झाडीच्या आडोशाला मासेमारांची तीस-चाळीस घरं. दगा पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभा होता आणि टक लावून पाण्याकडं बघत होता. चिखलातून निवट्या मासे पकडत फिरणारी एक धिप्पाड बाई लांबूनच ओरडली, "ओ भाई! मरवुं होय तो बीजे जा! इथं आमची जाळी लागली आहेत!"

ती जशीबेन. दगानं गडबडून सांगितलं, की मरायचं नाही, गावचं पाणी बघायला आलोय.

"कुठलं गाव?"

दगानं वर, पूर्वेकडं हात केला.

जशीबेननं ओंजळभर पाणी घेऊन तोंडाला लावलं आणि पच्कन थुंकलं. "अर्धं तुझ्या गावचं असेल. अर्धं आमचं मीठ आहे."

त्या दिवसापासून मैत्र जमलं. दगा खाडीवर पाऊल टाकायला शिकला. कुठं चिखल कंबरेपर्यंत ओढतो, कुठं खाली शिंपल्यांचा कठीण थर आहे, ओहोटीला होडी कुठल्या अरुंद पाटातून आत येते, हे त्याच्या पायांना कळायला लागलं. वस्तीचा ओवारा, म्हणजे होड्या लागतात तो उतार, त्याला फार आवडायचा. काठ झिजून झिजून झालेला. दगडी पायरी एकही नाही. त्याच्या कडेला एक बसकट खडक होता. एका सोमवारी दगा पोचायचा तेव्हा भरती असे, तर पुढच्या सोमवारी त्याच वेळेला ओहोटी. ओहोटीला तो माणसांत मिसळायचा. भरतीला खडकावर उभा राहून नदी उलटी, गावाच्या दिशेनं जाताना पाहायचा.

"ते पाणी शहरापर्यंतसुद्धा पोचत नाही, दगाभाई," जशीबेन म्हणायची.

"ठाऊक आहे, बेन."

"मग?"

"निघतं तरी त्या बाजूला."

अठ्ठ्याण्णव साली पावसाळा सरल्यावर पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला. खाडीच्या तोंडाशी एका कंपनीची जेटी होणार होती आणि किनाऱ्याला मातीचा बांध. मात्र आता नवा कायदा होता. आधी लोकसुनावणी होणार, ज्याला काही सांगायचं असेल त्यानं येऊन सांगावं. तीस दिवसांची मुदत होती. सोबत नकाशा.

दगा त्या सोमवारी पोचला, तर वस्ती पंचायतीच्या ओट्यावर गोळा झालेली. नकाशावर खाडीच्या जागी नुसता करडा रंग होता आणि वर एकच शब्द, 'कादव'. चिखल. त्या करड्या रंगातून बांधाची लाल रेघ सरळ गेली होती.

"आमचा ओवारा दाखव," जशीबेन तलाठ्याला म्हणाली.

"ओवाऱ्याची नोंद नाही, बेन."

दगाला एकदम सगळं आठवलं. वड, वडाखालचा कागद, बापाची हललेली मान. त्याला वाटलं, आपण सत्तावीस वर्षं चालत चालत पुन्हा तिथंच येऊन उभे राहिलो. फरक एकच होता. त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. या वेळी भिंतीवर लिहिलं होतं, येऊन सांगा.

"आपण काढू," दगा म्हणाला.

"काय काढू?"

"नकाशा. तुम्ही सांगा, मी ग्राफ करतो."

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. मुदतीत सोमवार चार, त्यातले दोन भरतीचे. भरतीत चिखल मोजता येत नाही. दगानं आयुष्यात पहिल्यांदा कामावर दोन दिवस दांडी मारली. रामदास मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय रे, पोरीला बघायला कुणी आलं काय?" दगा म्हणाला, "खाडी बघायची आहे. तिचा ग्राफ काढायचाय." मास्तरांनी ग्राफचे चार कोरे कागद गुंडाळून त्याच्या हातात दिले.

दहा पावलांची एक चौकट. पावलं जशीबेनची, कारण चिखलात सगळ्यात सरळ तीच चालायची. दगा काठावरून चौकटी रंगवायचा. मऊ चिखल काळा, कठीण वाट पिवळी, चेर हिरवी, होड्यांचा पाट निळा आणि ओवारा लाल. आणि भांडणं! निवट्या कुठं जास्त मिळतात हे सांगायला कुणीच तयार नव्हतं. "लिहू नको ते, सरकार पकडून नेईल," एक बाई म्हणाली आणि सगळा घोळका खिदळला.

म्हातारा भगवान टंडेल कागदाभोवती सारखा फिरत होता. इकडून बघायचा, तिकडून बघायचा, मान वाकडी करायचा.

"काय झालं, बापा?"

"काय की. ह्यात बघितलं की माझी मान दुखते."

"तुझी मान बायकोकडं बघूनसुद्धा दुखते," जशीबेन म्हणाली, आणि विषय हसण्यावारी गेला.

एक दिवस सरलाबाईही आली. बारा वर्षांत पहिल्यांदा. नऊवारी वर खोचून ओवाऱ्याच्या कडेला बसली, नवऱ्याचा कागद पाहिला आणि विचारलं, "बाया कोठे बठतस?"

सगळ्यांनी कागदाकडं पाहिलं. होड्यांची जागा काढली होती, जाळ्यांच्या खुंट्यांची काढली होती. मासळी निवडायला बायका ज्या सावलीत बसत ती राहून गेली होती. दगानं खाली मान घालून सहा चौकटी लाल केल्या. जशीबेननं सरलाबाईला निवट्यांची पाटी भेट दिली. "डिंडोली जाईपर्यंत बसमध्ये कुणी शेजारी बसणार नाही, आरामात जा."

लेक हर्षदा नववीत, गुजराती शाळेत. बाप बोट ठेवेल तिथं ती नावं लिहीत गेली. शेवटी दगानं कोपऱ्यात, सवयीनं, बारीक अक्षरांत स्वतःच एक शब्द लिहिला.

"ए शुं छे, पप्पा?"

"डिझाइनला नाव द्यावं लागतं, बेटा. त्याशिवाय ग्राफ पुरा होत नाही."

तिनं वाचलं. वडघाट.

सुनावणी तालुक्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरली. दाराशी कारकून नावं लिहून घेत होता. दगाची पाळी आली.

"गाम?"

"डिंडोली."

"मग तुम्ही इथले नाही. मागं बसा. बोलता येणार नाही."

दगा मागं बसला, जशीबेन ग्राफ घेऊन पुढं गेली. एरवी खाडीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाणारा आवाज त्या हॉलमध्ये एकदम लहान झाला. तिनं कागद टेबलावर ठेवला. "आ अमारी खाडी, साहेब. हे लाल, हा आमचा ओवारा. तुमचा बांध ह्याच्यावरून जातो."

साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी सरकारी नकाशा शेजारी ठेवला. आधी या कागदाकडं पाहिलं, मग त्या. कपाळाला आठी पडली.

"बेन, हे चुकलंय. नदी तुमच्या उजव्या हाताला आहे ना? यात डावीकडं आहे. समुद्र जागेवर आहे आणि बाकी सगळं उलट. ही खाडी भलत्याच ठिकाणची आहे."

कंपनीच्या बाजूच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. हसू पसरलं. जशीबेन कागदाकडं बघत राहिली आणि मग तिनं मान हलवली.

दगानं ते मान हलवणं पाहिलं. आणि त्याच क्षणी त्याला आपल्या हाताची चूक कळली. कान तापले. चौदा वर्षं ग्राफ काढणारा हात! मागावर कापड पालथं विणलं जातं. नक्षीची उजवी बाजू खाली, जमिनीकडं. म्हणून त्यांच्या कारखान्यात ग्राफही उलटा काढायची रीत होती. डावी वेल उजवीकडं, उजवा मोर डावीकडं. खाडी काढताना हातानं डोक्याला विचारलंच नव्हतं. बिचाऱ्या भगवानबापाची मान उगीच दुखत नव्हती!

तो उठला. कारकून म्हणाला, "ओ काका, बसा, तुम्हाला बोलायचं नाही."

"बोलत नाही," दगा म्हणाला.

हॉल मोठा होता. मागच्या रांगेपासून टेबलापर्यंतची ती चाळीस पावलं दगा चालला, तेव्हा सगळा हॉल त्याच्याकडं बघत होता. त्यानं वाकून नमस्कार केला, ग्राफ उचलला, पालथा केला आणि खिडकीच्या काचेवर दोन्ही हातांनी धरला. बाहेर दुपारचं ऊन होतं. ते कागदातून आरपार आलं. काळा, पिवळा, हिरवा, निळा रंग मागून उजळला. नदी उजवीकडं गेली. पाट जागेवर आला. हर्षदानं लिहिलेली अक्षरं तेवढी उलटी झाली, पण खाडी सुलटी झाली होती.

"हां!" मागून भगवान टंडेल ओरडला. "आता मान दुखत नाही!"

सगळी वस्ती हसली, आणि ते हसू मघाच्या हसण्यासारखं नव्हतं.

साहेब खिडकीशी आले. सरकारी नकाशा त्यांनी ग्राफच्या शेजारी काचेला लावला. बोटानं इथून तिथं, तिथून इथं पाहत गेले. "ही पिवळी वाट?"

जशीबेनचा आवाज परत आला. "कठीण तळ, साहेब. बाकी ठिकाणी पाय ठेवाल तर चपला तिथंच राहतील आणि तुम्ही घरी जाल."

"आणि हे सहा लाल चौकोन?"

"आम्ही बसतो तिथं. बाया."

पाऊण तास ते प्रश्न विचारत होते. जशीबेन सांगत होती, मागून भगवानबापा दुरुस्त करत होता, बायका एकमेकींना कोपरानं ढोसत उभ्या राहत होत्या. दगा एक शब्द बोलला नाही. हात भरून आले तरी कागद धरून राहिला. शेवटी ग्राफ फाइलला लागला. सादर करणाऱ्याच्या जागी जशीबेनचा अंगठा. दगाचं नाव कुठं येण्याचा प्रश्नच नव्हता.

तीन महिन्यांनी सुधारलेला नकाशा पंचायतीत आला. बांधाची रेघ पुढं सरकली होती. ओवारा त्यावर होता, बायकांची जागा होती, होड्यांचा पाटही होता. वस्तीनं फटाके वाजवले. दगा सोमवारी पोचला, तेव्हा जशीबेननं त्याला हाताला धरून ओट्यावर नेलं. तिचा चेहरा मात्र काही निराळाच होता.

"बघ. आमच्या ओवाऱ्याला काय नाव दिलंय."

दगानं वाचलं. लाल खुणेशेजारी सुबक गुजराती अक्षरांत छापलं होतं, 'वडघाट'. नकाशा काढणाऱ्यानं कोपऱ्यातलं डिझाइनचं नाव ओवाऱ्याचं समजून उतरवलं होतं.

दगा खाली बसला. सत्तावीस वर्षांनी त्याच्या बापाचा घाट सरकारी कागदावर आला होता. पुसट नाही, कोपऱ्यात नाही, चक्क लाल खुणेला. त्यानं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. त्याला हार्मोनियम ऐकू आलं म्हणतात, आणि यावर अविश्वास दाखवण्याचं काही कारण नाही.

नकाशाखाली ओळ होती, हरकती तीस दिवसांत कळवाव्या. दगा गप्प बसला असता तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. वस्तीतल्या निम्म्या लोकांना तर वाचताच येत नव्हतं.

"जशीबेन," दगा म्हणाला, "सगळ्यांना बोलवा."

माणसं जमली. दगानं नाव वाचून दाखवलं. वडघाट कुठं होता, कसा होता, कसा गेला हे सांगितलं. बारा वर्षांत त्यानं हे कधी सगळ्यांसमोर सांगितलं नव्हतं. मग विचारलं, "घाट तुमचा आहे. नाव ठेवायचं की काढायचं, तुम्ही सांगा."

 जशीबेन पदराचं टोक पिळत होती. शेवटी भगवान टंडेल म्हणाला, "दगाभाई, तुझं गाव आम्हाला परकं नाही. पण माझा बाप ह्याला चेरफळियानो ओवारो म्हणायचा. त्याचा बापसुद्धा."

"मग तेच," दगा लगेच म्हणाला. लगेच म्हणाला, कारण थांबला असता तर म्हणता आलं नसतं.

हरकतीचा अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला, गुजरातीत, हर्षदाला न विचारता. नाव चुकीनं पडलं आहे, कृपा करून काढावं. खाली पंचवीस अंगठे आणि अकरा सह्या. तो अर्ज द्यायला जशीबेन एकटीच गेली. दगाला तिनं येऊ दिलं नाही.

पुढचा सोमवार भरतीचा होता. दगा पोचला तेव्हा खाडी चढत होती. होड्या ओवाऱ्याला लागत होत्या आणि बायका आपल्या ठरलेल्या सावलीत मासळी निवडत होत्या. तो आपल्या खडकाकडं निघाला. तेवढ्यात ओवाऱ्यावरून, या काठाचं त्या काठाला ऐकू जाईल अशा त्या आवाजात हाक आली.

"दगाभाई! पाय उचला! तमारा वडघाट पर पाणी आवी गयुं!"

दगानं खाली पाहिलं. त्याच्या खडकाच्या कडेला पाणी लागलं होतं. त्या खडकाला आजवर कुणी नाव दिलं नव्हतं. तो चढला, शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि पूर्वेकडं तोंड करून उभा राहिला.